म्युटिनीला दोघं लागतात

होड्यांवर नावं रंगवणाऱ्या त्या माणसाला बंदरावर सगळे अक्षरवाले म्हणत. हे तोंडावर. पाठ वळली की म्हणत 'अठरा'. या दुसऱ्या नावामागची गोष्ट बंदरावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती, निदान प्रत्येकाला तसं वाटत होतं. खरी गोष्ट काय ते आपल्या एकट्यालाच माहीत आहे, असं अक्षरवाला धरून चालला होता. चौतीस वर्षं त्याने ती तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती.

माणूस बेताच्या उंचीचा, खांदे पुढे झुकलेले, उजव्या हाताच्या बोटांवर पांढऱ्या रंगाचे कधीच न गेलेले डाग. कामाला इतका चोख की होडीमालकांना जीव नकोसा व्हायचा. मालक घाईघाईने यायचा आणि म्हणायचा, "अहो, उद्या होडी पाण्यात सोडायचीय, दोन तासांत नाव टाकून द्या." अक्षरवाला मान डोलवायचा आणि पहिला एक तास नुसता मोजण्यात घालवायचा. दोरीने फळीची लांबी घ्यायची, अक्षरं मोजायची, रुंद अक्षराला जास्त जागा, बारीकाला कमी, असा हिशेब मनात बसवायचा आणि मग खडूने एकेक खूण करत जायची. खुणा झाल्या की पुन्हा मोजायच्या. मग तिसऱ्यांदा. मालक वैतागायचा. "अहो, पाच अक्षरं आहेत, पन्नास नव्हेत!"

"पाचच असली की माणूस गाफील राहतो," असं म्हणून अक्षरवाला चौथ्यांदा मोजायला बसायचा.

नवख्या रंगाऱ्यांची एक खोड असते. पहिली अक्षरं ऐसपैस काढतात, आणि शेवटी जागा संपली की उरलेलं एक अक्षर कसंबसं कोपऱ्यात कोंबतात. अशी पाटी एखाद्या दुकानावर दिसली तर अक्षरवाला रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. लोक म्हणायचे, काय हा गर्व! गर्व कसला आलाय. त्या चेपलेल्या अक्षरात त्याला स्वतःचं नाव दिसायचं.

तो सहा वर्षांचा असताना आई गेली. ताई तेव्हा सतरा वर्षांची. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, रागवलं, जवळ घेतलं, म्हणजे आईने जे जे करायचं ते सगळं केलं. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिने एकच अट घातली: भाऊ माझ्याबरोबर येईल. दोन स्थळं या अटीवर आल्या पावली परत गेली. तिसरं स्थळ होतं एका मालवाहू जहाजावरच्या तांडेलाचं. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. आडव्या अंगाचा, आवाज असा की दोन खोल्या पलीकडचं मूल दचकावं. तो म्हणाला, "मग त्यात काय? बायकोबरोबर मेहुणा फुकट मिळतोय." आणि खरोखर त्याने त्या पोरक्या मुलाला कधी परकं मानलं नाही. भावोजी किनाऱ्यावर असले की घरात हसणं असायचं आणि ते समुद्रावर गेले की घर मुकाट व्हायचं.

मुलगा मोठा झाला. शिक्षणात डोकं चालेना, पण हात सुरेख होता. भावोजींनी त्याला आपल्या जहाजावर रंगारी म्हणून लावून घेतलं. रंगाऱ्याचं निम्मं आयुष्य गंज खरवडण्यात जातं आणि उरलेलं गंजावर रंग फासण्यात. पण एकदा जहाजाच्या पाठीवरचं नाव नव्याने रंगवायचं निघालं. दोरखंडाला टांगलेल्या फळीवर बसून, खाली पाणी हलतंय आणि वर जहाज हलतंय अशा अवस्थेत, त्याने अकरा अक्षरं नुसत्या नजरेने बसवली. दोरी नाही, पट्टी नाही. भावोजी होडीतून लांब जाऊन बघून आले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "माझा मेहुणा! अकरा अक्षरं! एक तसूभर इकडे नाही की तिकडे नाही!"

पुढचं सगळं घडलं ते पाण्यावरून. समुद्राच्या पाण्यावरून नव्हे, पिण्याच्या.

जहाजाच्या टाक्या आतून सडल्या होत्या. नळाला लालसर पाणी यायचं, त्याला वास असायचा. तीन खलाशी तापाने पडले, त्यातला एक नुसता बरळत होता. जहाज एका परक्या बंदरात नांगर टाकून उभं होतं. तिथे चांगलं पाणी मिळत होतं, पण टाक्या रिकाम्या करून, घासून, पुन्हा भरायला दोन दिवस लागले असते. कप्तानाला दोन दिवस परवडत नव्हते. पुढच्या बंदरात बघू, म्हणाला. पुढचं बंदर नऊ दिवसांवर. तांडेल तीनदा कप्तानाकडे जाऊन आला. तिसऱ्यांदा त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्या दुपारी जेवणाच्या खोलीत एकोणीस माणसं जमली. कुणी बाकावर, कुणी जमिनीवर. पाणी बदलल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अडलं ते पुढे. कागदावर लिहून द्यायचं तर पहिली सही कुणाची? ज्याची पहिली सही, तो म्होरक्या. ज्याला म्होरक्या म्हणून पकडतील, त्याची नोकरी कायमची गेली.

तेव्हा जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी बोलला. तो चाळीस वर्षं समुद्रावर होता. "गोलात सह्या करा. मजकूर मधे आणि नावं भोवती, चाकाच्या आऱ्यांसारखी. गोलाला सुरुवात नसते. मग शोधू दे त्यांना पहिला कोण ते." जुन्या खलाशांची ही रीत होती. सगळ्यांना पटली.

"गोल कोण काढणार?" कुणीतरी विचारलं, आणि अठरा जणांनी एकाच माणसाकडे पाहिलं. अक्षरांची जागा नीट वाटणारा जहाजावर दुसरा होता कोण?

त्याने जेवणाची थाळी उपडी घालून पेन्सिल फिरवली. मजकूर मधे सुबक अक्षरात लिहिला. मग गोलावर खुणा करायला घेतल्या, म्हणजे प्रत्येकाला सारखी जागा मिळेल. माणसं एकोणीस. त्याने खुणा केल्या अठरा.

हे नीट ऐकून ठेवायला हवं, कारण बंदरावर जी गोष्ट सांगतात तिच्यात एवढंच नाही. तो मोजायला चुकला नाही. तो भ्याला होता. चोवीस वर्षांचं वय, हातातली पहिली बरी नोकरी, आणि कप्तानाचं तोंड डोळ्यासमोर. त्याच्या मनाने चोरपावलांनी बेत केला: अठरा जण सह्या करतील, गोल भरेल, आणि मग आपण म्हणू, अरे, जागाच उरली नाही, आता मी काय करणार? नाही म्हणायची वेळ येणार नाही, आणि हो म्हणायचीही. असा तो सोयीचा बेत होता.

कागद फिरला. भावोजींनी सगळ्यात आधी सही केली. त्यांच्याच खिशातलं पेन होतं. मग डावीकडून उजवीकडे एकेक करत सगळे. स्वयंपाकी हात पुसत सर्वात शेवटी आला आणि त्याने अठरावं नाव लिहिलं. गोल बंद झाला.

"झालं?" कुणीतरी म्हणालं.

भावोजींनी कागद उचलून पाहिला. "कसं झालं? आमचा चित्रकार राहिलाय की! सगळ्यांना जागा वाटत बसला आणि स्वतःलाच विसरला बिचारा." सगळे हसले. भावोजींनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "ये, इथे माझ्या शेजारी लिही. खेटून लिही. आपल्याला काय, घरात एका ताटात जेवलोय आपण."

आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्याने भावोजींच्या आणि स्वयंपाक्याच्या नावांमधल्या फटीत आपलं नाव चेपून लिहिलं. मुंग्यांएवढी अक्षरं. त्याच्या हाताने आयुष्यात काढलेली सर्वात वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाने सगळ्यांना डेकवर उभं केलं. कागद त्याच्या हातात होता. तो रागावलेला दिसत नव्हता, याचीच जास्त भीती वाटत होती. त्याने कागद एका पेटीवर ठेवला आणि एका बोटाने गरागरा फिरवला, मग हळूहळू. एका जागी थांबला.

"अठरा जणांनी ऐसपैस सह्या केल्यात," तो म्हणाला. "आणि हा एकच चिमटीत सापडलाय. म्हणजे हा शेवटी आला. गोल जिथे सुरू होतो तिथेच संपतो, नाही का? याच्या एका बाजूला शेवटून दुसरा, आणि एका बाजूला पहिला." त्याने एका बाजूचं नाव वाचलं. तो होता म्हातारा स्वयंपाकी. त्याच्याकडे पाहून कप्तान हसला. मग दुसऱ्या बाजूचं नाव वाचलं. तांडेल.

भावोजी एक पाऊल पुढे आले. "मीच," म्हणाले. "आणि पाण्याचं काय?"

गंमत अशी की पाणी मिळालं. त्याच दिवशी टाक्या घासल्या, दोन दिवसांनी जहाज निघालं, तापातले तिघंही उठून बसले. एकोणीस जणांनी मिळून मागितलेलं सगळं मिळालं, आणि त्याचं मोल एकट्याने द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी कप्तानाने जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत एक इंग्रजी शब्द लिहिला: म्युटिनी. आणि पुढे तांडेलाचं नाव.

घरच्या बंदराला पोचल्यावर चौकशी झाली. चौकशीचा साहेब म्हातारा होता, चष्मा सारखा घसरायचा, माणूस मात्र सरळ. त्याने समोर जाडजूड पुस्तक उघडलं आणि सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "हा शब्द मोठा आहे. हुकूम मोडला म्हणजे म्युटिनी होत नाही. एकट्याने मोडला तर ती नुसती आज्ञाभंगाची बाब. म्युटिनीला दोघं तरी लागतात. दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून, ठरवून, वरिष्ठाला नाही म्हणायचं, तेव्हा हा शब्द लागतो. आणि त्याला तुरुंग आहे."

बाहेरच्या व्हरांड्यात भावोजींनी सगळ्यांना बजावलं होतं, "विचारलं तर सांगायचं, तांडेलाने सांगितलं म्हणून सही केली. प्रत्येकाने हेच सांगायचं. कुणी शहाणपणा करायचा नाही. घरी पोरंबाळं आहेत तुम्हाला." सतरा जणांनी तेच सांगितलं, माना खाली घालून. शेवटी रंगाऱ्याची पाळी आली.

साहेबाने कागदावर बोट ठेवलं. "तुझं नाव असं चेपलेलं का?"

"मोजण्यात चूक झाली, साहेब."

"सही स्वतःच्या मनाने केलीस?"

"भावोजींनी सांगितलं म्हणून केली."

निदान हे दुसरं वाक्य खरं होतं, असं तो पुढे कैकदा स्वतःला समजावायचा. समजूत पटायची नाही. कारण तिथे बसलेल्या सतरा जणांनी स्वतःच्या मनाने सही करून तांडेलाच्या हुकुमावरून खोटं सांगितलं होतं, आणि हा एकटा खरं सांगूनही खोटा ठरला होता.

साहेबाने निकाल दिला. म्युटिनी शाबीत होत नाही, कारण दुसरा माणूस नाही. आज्ञाभंग शाबीत. नोकरीवरून काढलं. पण नोंदवहीत कप्तानाने लिहिलेलं खोडता येत नाही, असा नियम. ते कारकुनाने भावोजींच्या खलाशी-पुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात, जसंच्या तसं उतरवलं, आणि साहेबाने खाली बारीक अक्षरात 'शाबीत नाही' असं लिहून सही केली. पुढे भावोजी ज्या ज्या जहाजाच्या कचेरीत गेले, तिथल्या माणसाने मोठा शब्द वाचला आणि पुस्तक मिटून परत दिलं. खालची बारीक ओळ वाचण्याइतका वेळ कुणालाच नव्हता.

बंदरावर गोष्ट पसरली ती अशी: रंगारी मोजायला चुकला, एकोणिसाचे अठरा केले, आणि बिचारा तांडेल सापडला. 'काय अठरा, आज किती मोजले?' असं लोक विचारायचे. अक्षरवाला खाली मान घालून हसायचा. थट्टा त्याला सोसवायची. थट्टेच्या पांघरुणाखाली तो लपून बसला होता. मूर्ख म्हणवून घेणं सोपं होतं. भित्रा म्हणवून घ्यायची त्याची छाती नव्हती.

त्याचं स्वतःचं खलाशी-पुस्तक स्वच्छ राहिलं. आणखी सहा वर्षं तो समुद्रावर गेला, मग किनाऱ्यावर येऊन होड्या रंगवू लागला. भावोजींना दोरखंडाच्या गोदामावर राखणदाराचं काम मिळालं. वादळात शिडी चढणारा माणूस स्टुलावर बसून ये-जा करणाऱ्यांची नावं लिहू लागला. पहिलं वर्ष त्यांना झोप लागायची नाही. पलंग हलत नाही म्हणून तक्रार करायचे.

पण त्यांनी त्या शब्दाचा बाऊ केला नाही. उलट तो घरात पाळला. मांजराने दुधाला तोंड लावलं नाही की म्हणायचे, "बघा, म्युटिनी!" स्टोव्ह पेटत नसला की म्युटिनी, खिडकी अडकून बसली की म्युटिनी. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा म्हणाले, "एकच गुडघा दुखत होता तोवर आज्ञाभंग होता. आता दोन्ही मिळून नाही म्हणतात, म्हणजे रीतसर म्युटिनी." ताई हसता हसता डोळे पुसायची. ताईला मूलबाळ नव्हतं. अक्षरवाल्याच्या बायकोला आणि मुलींना ती गोष्ट करमणुकीची वाटायची. त्याची धाकटी एकदा म्हणाली, "पण आतोबा, आमच्या पुस्तकात रिबेलियन म्हणून शब्द आहे. तेच ना हे?"

"छे, छे. ते फार मोठ्या लोकांचं काम," भावोजी म्हणाले. "त्याला राजा उलथायचा असतो, झेंडे लागतात, घोडे लागतात. रिव्होल्ट म्हणजे त्याचं धाकटं भावंड. आमची म्युटिनी अगदी गरीब. तिला काही उलथायचं नसतं. नुसतं 'नाही' म्हणायचं असतं, पण कुणालातरी बरोबर घेऊन. एकट्याने होत नाही बघ ती. साहेबाने पुस्तकात पाहून सांगितलंय मला."

असं बोलताना ते मेहुण्याकडे बघायचे. नजरेत राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं.

खलाशांच्या वसतिगृहात एक वाचनालय होतं. तिथे टेबलाला साखळीने बांधलेला जाडा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. अक्षरवाला दर काही महिन्यांनी तिथे जायचा आणि तेच पान काढायचा. बंड, उठाव, सैनिकांनी किंवा खलाशांनी मिळून वरिष्ठांचा हुकूम न मानणे. बंड या शब्दाने त्याला काही व्हायचं नाही. तो अडखळायचा 'मिळून' पाशी. सगळे मिळून उभे राहिले होते तेव्हा आपण एक खूण कमी केली, हे त्या तीन अक्षरांत लिहिलेलं त्याला दिसायचं. वाचनालयवाला म्हणायचा, "अक्षरवाले, तेच पान? अर्थ बदललाय का बघायला येता?" पुस्तक मिटून तो निघून यायचा.

सांगायचं त्याने शेकडो वेळा ठरवलं. एकच वाक्य होतं: भावोजी, ती चूक नव्हती, मी मुद्दाम अठराच खुणा केल्या. होडीवर रंग लावताना ते वाक्य तो पुटपुटायचा. वाक्य घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. पण ताईच्या घराचा उंबरठा ओलांडला की तो हवापाण्याचंच बोलायचा. पहिल्या वर्षी वाटायचं, जखम ताजी आहे, जरा दिवस जाऊ देत. दहाव्या वर्षी वाटलं, आता कशाला खपली काढायची. विसाव्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, वीस वर्षं काय करत होतास? माणसाला गप्प बसायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

चौसष्ट वर्षांचे असेपर्यंत भावोजी स्टुलावर बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरायला लावलं. खिडकीजवळ पलंग लावला होता. दोन पायऱ्या चढाव्यात तसं एकेक वाक्य ते दम घेत घेत बोलायचे. डॉक्टरने ताईला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. अक्षरवाला रोज दुपारी काम टाकून येऊ लागला. होडीमालक बोंबलत राहिले, त्याने लक्ष दिलं नाही. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

पहिल्या दिवशी भावोजींनीच विचारलं, "काय रे, काही बोलायचंय?"

"नाही. औषध घेतलंत का?"

तिसऱ्या दिवशी तो "भावोजी, ते..." इथपर्यंत आला. भावोजींनी मान उचलली. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा जागा दिसला नव्हता. "बोल," ते म्हणाले. "बोल की." आणि अक्षरवाल्याने खिडकीकडे बघत म्हटलं, "ते खिडकीचं दार रंगवायला झालंय. रविवारी येऊन रंगवतो."

रविवारी त्याने खरोखरच खिडकी रंगवली. रंगाचा वास भावोजींना आवडायचा, म्हणून दोन हात दिले. दुपार टळत होती. भावोजी बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत पडले होते. मग त्यांनी स्वतःच विषय काढला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्या कागदाचं... कधी येतं का रे मनात?"

ब्रश हातात तसाच राहिला. घोटलेलं वाक्य जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"चूकच झाली ती, भावोजी," तो म्हणाला. "मोजण्यात चुकलो."

भावोजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "हं. मोजण्यात." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. चार दिवसांनी ते गेले. त्या चार दिवसांत ते मेहुण्याशी एरवीसारखेच बोलले, पाणी दे म्हणाले, उशी सरळ कर म्हणाले. पण ते पुन्हा तसं बघत राहिले नाहीत.

महिना उलटला. अक्षरवाला सकाळी ताईकडे गेला तेव्हा ती पेटी उघडून बसली होती. भावोजींचे सदरे एका बाजूला घड्या करून ठेवले होते. मांडीवर ते खलाशी-पुस्तक होतं. कडा झिजलेल्या, कापडी पाठ उसवलेली.

"बरं झालं आलास," ताई म्हणाली. "इतकी वर्षं नुसता ऐकला तो शब्द. यातला कुठला तो दाखव मला. मला काही इंग्रजी वाचता येत नाही."

त्याने पान काढलं. शब्दाखाली बोट ठेवलं. ताईने चष्मा लावून पाहिलं. "एवढासाच?" ती म्हणाली. "मला वाटलं, ओळभर असेल." मग खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे?"

"शाबीत नाही, असं लिहिलंय."

"हं." तिने पुस्तक मिटलं नाही. त्या पानाकडे बघत राहिली.

आणि तेव्हा, ज्याची आता कुणालाच गरज उरली नव्हती ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं. किती सहज पडलं! एक श्वास पुरला.

"ताई, ती चूक नव्हती. मी मुद्दाम अठराच खुणा केल्या होत्या. मला सहीच करायची नव्हती."

ताईने चष्मा काढला. पदराच्या टोकाने काच पुसली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? ह्यांनीच. चौकशी संपवून घरी आले त्याच संध्याकाळी. म्हणाले, हलत्या फळीवर बसून अकरा अक्षरं बसवणारा माणूस एकोणीस मोजायला चुकत नाही. घाबरलं पोरगं. चोवीस वर्षांचा तर आहे. मला शपथ घातली, त्याला विचारायचं नाही. स्वतःहून सांगेल, म्हणाले. त्याला सांगू दे."

अक्षरवाला भिंतीला टेकला. मग तसाच खाली बसला.

"रागावले नाहीत?"

"घाबरल्याबद्दल? नाही. सगळेच घाबरले होते, हे स्वतः घाबरले होते. तू एकदा येऊन सांगितलं असतंस ना, तर ह्यांनी तुला पोटाशी धरलं असतं. मग आपण दोघं होतो रे त्या बोटीवर, असं म्हणाले असते. तेवढंच ऐकायचं होतं त्यांना. की आपण एकटे नव्हतो." ताईचा आवाज बदलला नव्हता, तीच तिची घरकामातली बोलण्याची पद्धत. "तू घरी आलास की मला डोळ्यांनी खुणवायचे, आत जा. म्हणजे तुला मोकळेपणाने बोलता यावं. मी आत जाऊन उभी राहायची. काही काम नसायचं. नुसती उभी. तू गेलास की बाहेर यायची आणि हे मान हलवायचे. आज नाही. चौतीस वर्षं, प्रत्येक वेळी. त्या रविवारीसुद्धा मी आतच होते. ऐकलं मी."

तो रडू लागला. वयस्क माणूस रडतो तसा, आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून. ताई उठली नाही. लहानपणी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की हातातलं काम टाकून धावणारी ताई मांडीवर ते पुस्तक घेऊन तिथेच बसून राहिली.

"मला सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "पण मी आता हे कुणाला जाऊन सांगू?"